आमच्या गावाची सनद : मॅसॅच्युसेट्समधील चार्टर कमिशनवर काम करताना

मॅसॅच्युसेट्स राज्यात ३५१ गावे आणि शहरे आहेत, आणि राज्यातील कोणतीही जमीन त्यांपैकी एखाद्याच्या हद्दीबाहेर पडत नाही. बोस्टनच्या पश्चिमेकडील अशाच एका मध्यम वस्तीच्या गावात मी वीसेक वर्षे राहते आहे. या गावाचा कारभार कोणी, कसा आणि कोणत्या अधिकाराने चालवावा हे ठरवणारी सनद, जिला येथे सगळेच चार्टर म्हणतात, तयार करण्यासाठी गावाने नऊ जणांचे कमिशन निवडून दिले आणि त्या नऊ जणांत मी होते. राज्याच्या कायद्याच्या चौकटीत राहून एखादे गाव स्वतःची घटना स्वतः लिहिते म्हणजे नेमके काय करते, हे त्या काळात मला आतून पाहायला मिळाले. येथे घर घेऊन राहिलेल्या मराठी माणसांनाही यातले फारसे ठाऊक नसते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

तोवर आमच्या गावाला सनद नव्हतीच. राज्याचे सर्वसाधारण कायदे, गावाने केलेले उपविधी आणि विधिमंडळाने वेगवेगळ्या काळात केवळ आमच्या गावापुरते केलेले विशेष कायदे, एवढ्या सामग्रीवर कारभार चालत असे. एखादे पद निवडणुकीने भरायचे की नेमणुकीने, आणि नेमणूक असेल तर ती कोणी करायची, या साध्या प्रश्नाच्या उत्तरासाठी टाउन क्लार्कच्या, म्हणजे गावाचे दप्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, तिजोरीतील जुनी कागदपत्रे काढावी लागत, आणि दोन कागदांत दोन उत्तरे निघण्याचा प्रसंगही येई. पाणीपुरवठ्याच्या एका मोठ्या खर्चावरून निवडून आलेले सिलेक्ट बोर्ड, म्हणजे गावाचे कार्यकारी मंडळ, आणि नेमलेला प्रशासकीय अधिकारी यांच्यात बेबनाव झाला, तेव्हा अंतिम शब्द कोणाचा हे कोणालाच खात्रीने सांगता येईना, आणि तेथून चार्टरची मागणी सुरू झाली.

कायद्याची पार्श्वभूमी थोडक्यात सांगायला हवी. अमेरिकेच्या संघराज्य घटनेत गावे आणि शहरे यांचा उल्लेखच नाही. ती राज्यांची निर्मिती मानली जातात. १८६८ मध्ये आयोवाचे न्यायमूर्ती जॉन डिलन यांनी एका निकालात हे तत्त्व अगदी कठोरपणे मांडले की, नगरपालिकेला राज्याने दिले तेवढेच अधिकार आहेत, आणि राज्याच्या मनात आले तर ते नगरपालिकेचे अस्तित्वही संपवू शकते. त्यानंतर तीनच वर्षांनी मिशिगनचे न्यायमूर्ती थॉमस कूली यांनी स्थानिक स्वराज्य हा लोकांचा मूळ हक्क असल्याचे उलट मत नोंदवले, पण न्यायालयांनी बहुतेक ठिकाणी डिलन यांचीच बाजू उचलून धरली. त्यामुळे ज्या राज्यांना आपल्या शहरांना मोकळीक द्यायची होती त्यांना ती राज्यघटनेत लिहावी लागली. मिसूरीने हे १८७५ मध्ये केले. मॅसॅच्युसेट्सला मात्र १९६६ उजाडावे लागले. त्या वर्षी मतदारांनी संमत केलेल्या राज्यघटनेच्या ८९ व्या दुरुस्तीला येथे होम रूल दुरुस्ती म्हणतात.

या दुरुस्तीने गावाला दोन गोष्टी दिल्या. आपल्या कारभाराचा आराखडा गावाला स्वतः ठरवता येतो, आणि राज्याच्या घटनेशी व कायद्यांशी विसंगत नसेल असा, विधिमंडळ देऊ शकेल तो कोणताही अधिकार गावाला वापरता येतो. ज्या कलमात हे दिले आहे त्याच्या लगेच पुढच्या कलमात सहा गोष्टी काढून घेतल्या आहेत. निवडणुकांचे नियम करणे, कर बसवणे, कर्ज काढणे, उद्यानांच्या जमिनीची विल्हेवाट लावणे, खासगी दिवाणी व्यवहारांचे कायदे करणे आणि गंभीर गुन्हे ठरवून तुरुंगवासाची शिक्षा देणे या बाबी राज्याकडेच राहतात. माझे वडील सोलापूर जिल्ह्यातील एका नगरपरिषदेत मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाले. त्यांना फोनवर ही यादी वाचून दाखवली तेव्हा अण्णा म्हणाले, "कर नाही, कर्ज नाही, निवडणूक नाही. मग उरलं काय?" पुढचे दीड वर्ष आम्ही जे काही केले ते या प्रश्नाचेच उत्तर होते, असे म्हणायला हरकत नाही.

कमिशन निवडावे की नाही हा प्रश्न मतपत्रिकेवर आणण्यासाठी गावातील नोंदणीकृत मतदारांपैकी १५ टक्के लोकांच्या सह्या लागतात. ही अट मुद्दाम जड ठेवली आहे. गावाच्या कचरा संकलन केंद्रावर शनिवारी सकाळी जवळजवळ प्रत्येक कुटुंबातील कोणी ना कोणी येते, म्हणून आमचा मुक्काम तेथेच असे. सही मतदारयादीतील नावाशी जुळणारी आणि स्वतःच्या हाताची असावी लागते, शेजारी पत्ता लिहावा लागतो, आणि क्लार्कच्या कचेरीत एकेक नाव यादीशी ताडून पाहिले जाते. जुळलेल्या सहीपुढे बरोबरची खूण होते. नसेल तर अक्षर पडते. त्या पत्त्यावर असा मतदार नसेल तर एन, सही ओळखू येत नसेल तर एस. आमच्या भारतीय मंडळींच्या ओळींपुढे एन फार पडले. यादीत नाव, मधले नाव आणि आडनाव असे पूर्ण नोंदलेले, आणि सही मात्र दोन आद्याक्षरे व आडनाव अशी. एका काकूंनी तर चक्क देवनागरीत सही केली होती. आयुष्यभर बँकेत तशीच केली, येथे का चालू नये, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो मला आजही वाजवी वाटतो. त्यांच्या ओळीपुढे एस पडला. सह्या पुरेशा जादा गोळा केलेल्या असल्यामुळे अर्ज मात्र मंजूर झाला.

निवडणुकीची पद्धत मजेशीर आहे. कमिशन असावे का, हा प्रश्न आणि कमिशनचे नऊ सदस्य, या दोन्हींसाठी एकाच मतपत्रिकेवर मतदान होते. प्रश्नाला नकार दिलेल्या मतदारालाही सदस्य निवडता येतात, आणि तसे करणारे पुष्कळ असतात, कारण कमिशन झालेच तर निदान त्यात आपली माणसे असावीत हा विचार कोणालाही सुचतो. उमेदवारांच्या नावापुढे पक्ष लिहायचा नसतो आणि नावांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. कामाचे मानधन नाही. मी उभी राहिले ती मुख्यतः या जाणिवेने की गावात भारतीय वस्ती एवढी वाढूनही कोणत्याही निवडून आलेल्या मंडळावर आमच्यातले कोणी नव्हते. निवडून आलेल्या नऊ जणांत कमिशनच्या कल्पनेलाच विरोध असलेले दोघे होते, आणि पुढे सर्वांत काळजीपूर्वक मसुदा वाचणारे तेच निघाले.

पहिल्याच बैठकीत टाउन क्लार्कने आमच्याकडून शपथ घेतली आणि खुल्या सभांच्या कायद्याची पुस्तिका हातात ठेवली. नऊ जणांत पाच म्हणजे गणसंख्या, आणि पाच सदस्यांनी कोणत्याही मार्गाने कमिशनच्या विषयावर विचारविनिमय केला तर ती सभा ठरते, जी जाहीर सूचना दिल्याशिवाय घेता येत नाही. सूचना शनिवार, रविवार आणि सुट्ट्या वगळून किमान ४८ तास आधी लावावी लागते. याचा व्यवहारातील अर्थ असा की एखाद्या सदस्याने सर्वांना ईमेल पाठवून कलमाविषयी मत कळवले आणि बाकीच्यांनी सर्वांना उत्तर दिले, तर कायदा मोडला. कार्यालयीन सवयीने दिवसभर सर्वांना उत्तरे पाठवणाऱ्या माझ्यासारखीला हे पथ्य सुरुवातीला जाचक वाटले. पण त्यामुळे झाले असे की जे काही ठरले ते लोकांसमोर, टाउन हॉलच्या तळमजल्यावरील खोलीत, गावच्या केबल वाहिनीच्या कॅमेऱ्यापुढे ठरले. प्रत्येक सभेचे इतिवृत्त, त्यात पाहिलेल्या प्रत्येक कागदाची नोंद, आणि मागील इतिवृत्ताला पुढच्या सभेत मंजुरी, हे सारे अण्णांच्या कचेरीत लहानपणी पाहिलेल्या ठराव बुकासारखेच होते. फरक एवढाच की येथे बुक लिहिणारेही आम्हीच होतो.

निवडणुकीनंतर ४५ दिवसांच्या आत पहिली जाहीर सुनावणी घ्यावी लागते. लोकांना वाटते त्या प्रत्येक गोष्टीचा पाढा तेथे वाचला जातो, आणि त्यातील बहुतेक गोष्टी कमिशनच्या हातातल्या नसतात. भाडेकरूंच्या एका गटाने घरभाड्यावर मर्यादा घालण्याची तरतूद मागितली. त्यांना सांगावे लागले की १९९४ च्या सार्वमतात राज्यभरातील मतदारांनी भाडेनियंत्रण रद्द केले, आणि ते जेथे लागू होते त्या बोस्टन, केंब्रिज आणि ब्रुकलाइन या तिन्ही ठिकाणच्या मतदारांनी रद्द करण्याच्या विरोधात कौल दिला असूनही त्याचा उपयोग झाला नाही. बोस्टनने २०२३ मध्ये भाडेवाढीवर मर्यादा घालण्याची परवानगी राज्याकडे मागितली, ती केवळ मागणीच राहिली. एका उपाहारगृहाच्या मालकाने मद्य परवान्यांची संख्या गावाने वाढवावी असे सुचवले. परवान्यांचा कोटा लोकसंख्येच्या प्रमाणात राज्याने बांधून दिला आहे, आणि एका उपाहारगृहासाठी एक जादा परवाना हवा असला तरी गावाला विधिमंडळाकडून विशेष कायदा करून आणावा लागतो. खुद्द बोस्टनला २२५ नवे परवाने मिळाले तेही २०२४ मध्ये राज्याने कायदा केला तेव्हा.

पैशाचा विषय निघाला की सभेत शांतता पसरे. गावाचा मुख्य आधार मालमत्ता कर, आणि १९८० मध्ये राज्याच्या मतदारांनी संमत केलेल्या अडीच टक्क्यांच्या कायद्यामुळे त्याची एकूण आकारणी, नव्या बांधकामाची भर सोडली तर, वर्षाला अडीच टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. त्याहून जास्त हवे असेल तर गावात त्यासाठी स्वतंत्र मतदान घ्यावे लागते. हॉटेलातील जेवणावर पाऊण टक्का स्थानिक कर लावण्याची मुभा २००९ पासून आहे, पण ती राज्याने दिली म्हणून आहे, आणि पाऊणचा एक टक्का करायचा म्हटले तर ते गावाच्या हाती नाही. होम रूल हे नाव मोठे आहे, तिजोरीची किल्ली मात्र राज्याच्या कमरेला आहे, असे माझे मत झाले आणि ते पुढे बदलले नाही.

तरीही उरले ते थोडे नव्हते. सर्वांत मोठा वाद टाउन मीटिंगचा होता. आमच्याकडे खुली टाउन मीटिंग आहे, म्हणजे गावातील कोणताही नोंदणीकृत मतदार शाळेच्या सभागृहात येऊन बसतो, बोलतो आणि मत देतो, आणि ती सभा म्हणजेच गावाचे विधिमंडळ. महाराष्ट्रातील वाचकाला येथे ग्रामसभा आठवेल, पण या सभेचे अधिकार पुष्कळ पुढचे आहेत. अंदाजपत्रक तेथे बाबवार मांडले जाते, फायनान्स कमिटी प्रत्येक विषयावर शिफारस करते, एखादा मतदार उभा राहून ग्रंथालयाच्या रकमेत दुरुस्ती सुचवतो, आणि सभा चालवणाऱ्या मॉडरेटरने ती मताला टाकून ती संमत झाली तर तीच रक्कम पक्की होते. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत, जिला वॉरंट म्हणतात, आपला विषय घालायला दहा मतदारांच्या सह्या पुरतात. दोष उघड आहे. सभा रात्री उशिरापर्यंत चालते, लहान मुलांचे आईबाप आणि रात्रपाळीचे लोक येऊ शकत नाहीत, आणि शाळेच्या इमारतीचा विषय असेल त्या दिवशी सभागृह भरते व तो संपला की ओस पडते.

पर्याय तीन होते. खुली सभा ठेवायची, निवडून दिलेल्या प्रतिनिधींची टाउन मीटिंग करायची, किंवा सभाच बंद करून नगर परिषद आणायची. राज्यघटनेत यालाही लोकसंख्येची अट आहे. सहा हजारांहून लहान गावाला प्रतिनिधींची सभा करता येत नाही आणि बारा हजारांहून लहान गावाला शहराची पद्धत स्वीकारता येत नाही. आमचे गाव दोन्ही अटींत बसत होते. शेजारच्या फ्रेमिंगहॅमने एप्रिल २०१७ मध्ये अगदी निसटत्या बहुमताने शहर होण्याचे ठरवले आणि १ जानेवारी २०१८ पासून तेथे महापौर व परिषद आली. अ‍ॅमहर्स्टने २०१८ मध्ये टाउन मीटिंग बंद करून तेरा सदस्यांची परिषद स्वीकारली, आणि कायद्याने शहर झाले तरी नावात टाउन हा शब्द ठेवला. दोन्ही ठिकाणच्या लोकांना आम्ही बोलावून ऐकले. मी प्रतिनिधींच्या सभेच्या बाजूची होते, कारण ज्यांना रात्री येता येत नाही त्यांचे निदान मत तरी पोचते. माझी बाजू पाच विरुद्ध चार मतांनी पडली आणि खुली सभा राहिली. तिच्यासाठी किमान उपस्थितीची अट मात्र घालण्यात आली.

या चर्चेच्या वेळी मला वारंवार महाराष्ट्र आठवत असे. गावी ग्रामपंचायतीची नगरपंचायत होते तेव्हा राज्य शासन प्रारूप अधिसूचना काढते, हरकती व सूचना मागवते, आणि मग अंतिम अधिसूचना निघते. ग्रामसभा त्या क्षणी संपते, आणि ती संपावी का यावर ग्रामस्थांचे मतदान होत नाही. नगराध्यक्षांचेच पाहा. २०१६ मध्ये राज्याने त्यांची निवड थेट जनतेतून केली, २०२० मध्ये ती पुन्हा नगरसेवकांकडे दिली, आणि २०२२ मध्ये परत थेट जनतेकडे आणली. तीन वेळा नियम बदलला, तो प्रत्येक वेळी सगळ्या नगरपरिषदांसाठी एकदम आणि मुंबईत बसून. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर तेथे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासक होता, हे मी कमिशनवरील सहकाऱ्यांना सांगितले तेव्हा त्यांना ते खरे वाटेना. आमच्या अध्यक्षबाई, निवृत्त शिक्षिका, यांनी विचारले की मग तेवढा काळ अंदाजपत्रक कोणी मंजूर केले. प्रशासकाने मांडले आणि प्रशासकानेच मंजूर केले, हे उत्तर देताना मला जरा ओशाळल्यासारखे झाले. अण्णांचा प्रश्न याच्या अगदी उलट दिशेने आला होता. गावाने एवढे ठरवल्यावर कलेक्टरकडे मंजुरीला कधी जायचे, आणि त्याने महाराष्ट्राच्या नगरपरिषद कायद्यातील कलम ३०८ खाली ठराव थांबवला तर काय करायचे, असे त्यांनी विचारले. येथे कलेक्टर नाही, हे त्यांना पटवायला वेळ लागला.

कार्यकारी अधिकाराचा प्रश्न त्यामानाने लवकर सुटला. सिलेक्ट बोर्डाने व्यावसायिक टाउन मॅनेजर नेमावा, खातेप्रमुखांच्या नेमणुका मॅनेजरने कराव्यात, आणि ठरावीक मुदतीत बोर्डाने नकार दिला नाही तर त्या पक्क्या व्हाव्यात, असे ठरले. टाउन क्लार्कचे पद निवडणुकीचे राहावे की नेमणुकीचे, यावर मात्र जेवढा वेळ गेला तेवढा कर्जाच्या कलमावरही गेला नसेल. क्लार्क सर्वांची ओळखीची असते, आणि ओळखीच्या माणसाचे पद निवडणुकीतून काढून घेणे कोणालाच रुचत नाही.

ज्या विषयासाठी मी विशेष आग्रही होते तो मात्र वेगळा होता. दुसऱ्या सुनावणीला आमच्या महाराष्ट्र मंडळातील एक गृहस्थ उभे राहिले. पंधरा वर्षांहून अधिक काळ ते या गावात घराचा कर भरत आहेत, दोन्ही मुले गावच्या शाळेत शिकली, आणि भारतीयांसाठी ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब आहे की नागरिकत्व तर दूरच, कार्ड कधी मिळेल याचाही भरवसा नाही. टाउन मीटिंगमध्ये त्यांना मागच्या बाजूला दोरी लावून वेगळ्या ठेवलेल्या, मतदार नसलेल्यांच्या खुर्च्यांवर बसावे लागते, आणि बोलायचे असेल तर सभेची परवानगी घ्यावी लागते. चार्टरमध्ये आम्हाला गावापुरते मत देता येईल का, एवढेच त्यांनी विचारले. गावाच्या वकिलांनी उत्तर दिले की देता येणार नाही, कारण निवडणुकांचे नियमन ही काढून घेतलेल्या सहा गोष्टींतील पहिली. कायदेशीर वास्तव्य असलेल्या परदेशी रहिवाशांना स्थानिक मतदानाचा हक्क मिळावा म्हणून अ‍ॅमहर्स्ट, केंब्रिज, न्यूटन आणि ब्रुकलाइन यांनी पूर्वीच विधिमंडळाकडे अर्ज केले आहेत, आणि त्यांतील एकाचाही कायदा झालेला नाही.

मत देता येत नाही हे ठरल्यावर काय देता येते याचा शोध आम्ही घेतला. अखेर दोन कलमे तयार झाली. गावाच्या नेमणुकीच्या समित्यांवर, कायद्याने अन्यथा आवश्यक नसेल तेथे, मतदार नसलेला प्रौढ रहिवासीही नेमता येईल, आणि टाउन मीटिंगमध्ये प्रत्येक प्रौढ रहिवाशाला मतदाराप्रमाणेच बोलता येईल, मत मात्र देता येणार नाही. दुसऱ्या कलमावर बराच विरोध झाला. सभा लांबेल, हे एक कारण सांगितले गेले. कमिशनला मुळात विरोध असणाऱ्या दोघांपैकी एकाने तेव्हा म्हटले की सभा आधीच मध्यरात्रीपर्यंत लांबते आणि ती लांबवणारे सगळे मतदारच आहेत. कलम संमत झाले.

प्राथमिक अहवाल १६ महिन्यांच्या आत प्रसिद्ध करावा लागतो. त्याची प्रत राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याकडे, जाते, आणि मसुद्यातील काही राज्याच्या घटनेशी किंवा कायद्यांशी विसंगत असेल तर ते त्या कार्यालयाने चार आठवड्यांत कळवायचे असते. आम्हाला आलेले पत्र नेमके आणि सौम्य होते. कर्ज काढण्याच्या ठरावाला आम्ही साधे बहुमत पुरेसे धरले होते, पण राज्याच्या कायद्यानुसार त्याला दोनतृतीयांश मते लागतात. शाळांच्या कर्मचाऱ्यांवर टाउन मॅनेजरची देखरेख सूचित करणारे अर्धे वाक्य काढायला सांगितले, कारण १९९३ च्या शिक्षण सुधारणा कायद्याने ते अधिकार अधीक्षक आणि मुख्याध्यापकांना दिले आहेत. रहिवाशांच्या दोन्ही कलमांवर काहीही शेरा नव्हता. मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचले, कारण शेरा नसणे म्हणजेच मान्यता, यावर माझा पटकन विश्वास बसेना.

गाव स्वतःच्या बळावर कोठवर जाऊ शकते हे या पत्राहूनही ब्रुकलाइनच्या दोन उपविधींवरून चांगले कळते. नव्या इमारतींत इंधन वायूची जोडणी बंद करणारा उपविधी तेथील टाउन मीटिंगने २०१९ मध्ये केला. अ‍ॅटर्नी जनरलनी २०२० मध्ये तो नामंजूर केला, कारण बांधकाम आणि वायूजोडणी यांचे राज्यव्यापी नियम आधीच होते. नामंजुरीच्या पत्रात उपविधीच्या उद्देशाविषयी सहानुभूती होती, पण उद्देश चांगला असून भागत नाही. १ जानेवारी २००० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या कोणालाही तंबाखूचे पदार्थ कधीच विकू नयेत, हा त्याच गावाचा दुसरा उपविधी मात्र टिकला, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये तो वैध ठरवला. राज्याच्या कायद्याने विक्रीचे किमान वय २१ ठेवले असले तरी त्याहून कडक नियम करण्याचा गावाचा अधिकार काढून घेतलेला नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. एकाच गावाचे दोन ठराव, एक तरला आणि एक बुडाला, आणि दोहोंतील फरक राज्याने त्या विषयात आधी किती जागा व्यापली होती एवढाच.

अंतिम अहवाल निवडणुकीपासून १८ महिन्यांच्या आत द्यावा लागतो, आणि त्याची प्रत मतदार असलेल्या प्रत्येक घरी पोचवावी लागते. पाकिटांत अहवाल घालून पत्ते चिकटवण्याचे काम आम्ही ज्येष्ठ नागरिक केंद्राच्या खोलीत केले. तेथे नेहमी पत्ते खेळायला येणाऱ्या मंडळींनी खेळ थांबवून हात लावला, आणि पाकीट भरता भरता मजकूर वाचून हरकतीही घेतल्या. विरोधात प्रचार झाला. नवा मॅनेजर म्हणजे मोठा पगार, हा विरोधकांचा मुख्य मुद्दा, आणि तो अगदीच खोटा म्हणता येणार नाही. मतदानाच्या दिवशी पाऊस होता. चार्टर संमत झाला, दणदणीत नव्हे, पण पुनर्मोजणीची मागणी होणार नाही इतक्या फरकाने.

नव्या चार्टरखालील पहिल्या वार्षिक सभेत मागची दोरी तशीच होती, कारण मत मोजताना मतदार कोण हे कळावे लागते, पण मॉडरेटरने ध्वनिक्षेपक दोरीच्या मागेही ठेवला होता. सुनावणीत बोललेले ते गृहस्थ शाळेच्या बसमार्गांविषयी बोलले आणि मुद्देसूद बोलले. आता ते वाहतूक सल्लागार समितीवर आहेत.

त्याच सभेत दहा मतदारांच्या सह्यांनी आलेला आणखी एक विषय संमत झाला. कायदेशीर वास्तव्य असलेल्या परदेशी रहिवाशांना गावाच्या निवडणुकीत मत देता यावे, असा विशेष कायदा आमच्या गावासाठी करण्याची विनंती विधिमंडळाला करावी, असा तो ठराव होता. आमच्या प्रतिनिधीने तो विधेयकाच्या रूपात दाखल केला, निवडणूक कायद्यांच्या संयुक्त समितीपुढे त्याची सुनावणी झाली, आणि मी तेथे जाऊन साक्षही दिली. समितीने तो पुढील अभ्यासासाठी ठेवला, आणि दोन वर्षांचे अधिवेशन संपल्यावर विधेयक आपोआप निकाली निघाले. नव्या अधिवेशनात तो दाखल करताना टाउन मीटिंगचा ठराव पुन्हा घ्यावा लागेल की जुनाच चालेल, यावर गावाच्या वकिलांचे लेखी मत मागवले आहे.